सेलमध्ये दिसते ते आणि असते ते



वसंत व्याख्यानमालेत एक्सेल आणि वर्डवर व्याख्यान ठेवले आहे, हे वाचून काहींना नवल वाटले असेल. मला हा विषय महत्त्वाचा का वाटतो ते आधी सांगतो. पतसंस्थेच्या ठेवीदारांची यादी, शाळेचा शिष्यवृत्तीचा तक्ता, सोसायटीची थकबाकी, गावातल्या निराधारांची अनुदानाची नोंद हे सगळे आज एक्सेलच्या शीटमध्ये असते. त्या शीटमध्ये एक अंक बदलला तर कुणाचे तरी पैसे दुसऱ्याच खात्याकडे जातात किंवा परत येतात. मग तो माणूस हेलपाटे घालत राहतो आणि चूक कुठे झाली ते कुणालाच सापडत नाही.

कार्यालयांतून मी शिकवायला जातो तेव्हा सगळीकडे एकच तक्रार ऐकू येते, ‘सर, हे आपोआप असं झालं.’ माझे म्हणणे असे की आपोआप काहीही होत नाही. हा प्रोग्राम बनवताना कुणीतरी काही कारणाने काही ठरवलेले असते, आणि त्याचा परिणाम आपल्यापुढे येतो. शिवाय पडद्यावर दिसते ते आणि सेलमध्ये साठवलेले असते ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे लक्षात ठेवले की निम्म्या अडचणींचा उलगडा होतो.

आधार क्रमांकाचेच पाहा. तो १२ अंकी असतो. साध्या सेलमध्ये तो टाइप केला की एक्सेल १.२३ वगैरे लिहून पुढे ‘ई’ आणि ११ असे काहीतरी दाखवते. कॉलम रुंद करूनही ते जात नाही. इथे घाबरू नका, आत बाराही अंक शाबूत असतात. फॉरमॅट बदलून ‘नंबर’ करा, दशांश स्थळे शून्य ठेवा, क्रमांक पुन्हा दिसेल. मात्र ती फाइल त्याच अवस्थेत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर पडद्यावर जे दिसते तेच फाइलमध्ये लिहिले जाते आणि उरलेले अंक कायमचे जातात.

काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. तिथे नुकसान टाइप करतानाच होते. एक्सेल कुठल्याही संख्येचे १५ अंकच जपते, सोळाव्याच्या जागी शून्य बसते. नंतर फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला तरी तो अंक परत येत नाही. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे पहिले शून्यही असेच जाते. उपाय आधी करायचा असतो: रिकामा कॉलम निवडून त्याला ‘टेक्स्ट’ करा आणि मग भरा. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही, तो आकडा मजकूर म्हणूनच ठेवावा. खाते क्रमांक, आधार, मोबाइल, पिनकोड यांची बेरीज कोण करतो?

आता तारखा. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतात. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तो १ मे १९६० हा दिवस सेलमध्ये २२०३७ या आकड्याने साठवलेला असतो. म्हणूनच एखाद्या वेळी तारखेच्या जागी भलताच पाच अंकी आकडा दिसतो. सेलचा फॉरमॅट बदललेला असतो, तारीख जागेवरच असते.

या मोजणीत एक चूक जाणूनबुजून ठेवलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मान्य करते. एक्सेल आले तेव्हा बाजारात असलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्राममध्ये ती चूक होती आणि त्यातल्या फाइली एक्सेलमध्ये नीट चालाव्यात म्हणून ती तशीच उचलली गेली. इतिहासाच्या अभ्यासकांना आणखी एक अडचण येते. १९०० पूर्वीची तारीख एक्सेलला तारीख वाटतच नाही. ६ जून १६७४ लिहिले तर तो त्याच्या लेखी निव्वळ मजकूर. दफ्तरातल्या जुन्या नोंदींवर काम करणाऱ्यांनी दिवस, महिना आणि वर्ष हे तीन वेगळे कॉलम करावेत.

पण रोजच्या कामातला खरा घात दिवस आणि महिन्याच्या अदलाबदलीचा. पुष्कळ संगणकांत विंडोजची रीजन सेटिंग अमेरिकेची असते. तिथे महिना आधी लिहितात. तुम्ही ०५/०६/२०२४ लिहिता, तुमच्या मनात ५ जून. संगणक घेतो ६ मे. पुढच्या ओळीत १३/०६/२०२४ लिहिता. तेरावा महिना नसतो, म्हणून ती तारीख मजकूर म्हणून पडून राहते. एकाच कॉलममध्ये काही तारखा चुकीच्या आणि काही तारखाच नाहीत. मुदत ठेवीची यादी अशा कॉलमवर सॉर्ट केली तर काय होईल, याचा विचार करा.

हे ओळखायची खूण सोपी आहे. मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो, संख्या आणि तारीख उजव्या. म्हणूनच मी आग्रहाने सांगतो की माहिती भरायच्या शीटमध्ये सगळे सेल मध्यभागी आणू नका, त्याने ही खूण पुसली जाते. आणि रीजन आधी ‘इंग्लिश इंडिया’ करा. एकदा उलटी घेतलेली तारीख नंतर सेटिंग बदलून सुलटी होत नाही, ती मूळ कागदाशीच ताडून पाहावी लागते.

आपणच असे फसतो असेही नाही. माणसाच्या काही जनुकांची नावे सेप्ट२, मार्च१ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचे आणि तशाच याद्या शोधनिबंधांबरोबर छापल्या जायच्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत वेळेवर आले नाहीत. त्यांची माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये घेतली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या. रुग्णांना त्यांचा अहवाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. नव्या एक्सएलएसएक्स फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. जुन्या प्रकारात सेव्ह करण्याची सवय आजही अनेक कार्यालयांत आहे, ती सोडा.

बेरजेबद्दल थोडक्यात सांगतो. ३३.४० रुपयांच्या तीन रकमा पैसे न दाखवता ठेवल्या तर पडद्यावर ३३, ३३, ३३ आणि खाली बेरीज १०० दिसते. बेरीज बरोबर आहे, दाखवणे अपुरे आहे. ताळेबंदात असा रुपयाचा फरक येत असेल तर फॉरमॅटवर विसंबू नका, फॉर्म्युल्यातच राउंड वापरा. आणि आकडे बदलूनही बेरीज बदलत नसेल तर ‘कॅल्क्युलेशन’ मॅन्युअलवर गेले आहे का ते पाहा. गंमत अशी की सर्वांत आधी उघडलेल्या फाइलची ही सेटिंग नंतर उघडलेल्या सगळ्या फाइलींना लागते. म्हणून दोष भलत्याच फाइलवर येतो.

आता आपल्या लिपीकडे वळतो. हे दुसरे कुणी आपल्यासाठी लिहून ठेवणार नाही, म्हणून मला ते सांगायलाच हवे. जुन्या मराठी फाइली बहुधा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांच्या आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, फॉन्ट त्यांवर मराठी आकार काढतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरे दिसतात. तिथे मंगल फॉन्ट लावून काही होत नाही, मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलावा लागतो.

युनिकोडमध्येही एक बारीक जागा आहे. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यासाठी नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. तालुकावार गोषवाऱ्यात कऱ्हाड दोनदा येते ते यामुळे. ॲडव्होकेटमधल्या ‘ॲ’चेही तसेच, त्याला स्वतंत्र संकेत आहे, आणि अ वर चंद्र देऊनही तो लिहिता येतो. एका कार्यालयात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा आणि गावांची नावे टाइप न करता यादीतून निवडावीत. डेटा व्हॅलिडेशनमध्ये ती सोय आहे.

मराठी माहिती सीएसव्ही करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. साधी सीएसव्ही निवडली तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि त्या प्रश्नचिन्हांतून नावे परत मिळत नाहीत. आलेली सीएसव्ही विचित्र खुणांनी भरलेली दिसली तर ती सेव्ह न करता बंद करा आणि ‘डेटा’ मेनूतून ६५००१ हा संकेत निवडून आत घ्या.

वर्डची एकच अडचण घेतो, कारण ती सर्वांनाच येते: शेवटचे रिकामे पान जात नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबा, न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतील. दस्तऐवजाच्या शेवटी टेबल असेल तर त्याखाली एक परिच्छेद असावाच लागतो, आणि तो पुढच्या पानावर ढकलला गेलेला असतो. त्या खुणेचा फॉन्ट १ पॉइंटचा करा आणि परिच्छेदामधले अंतर शून्य करा.

आपल्यापैकी पुष्कळांनी अडचणी लिहून आणल्या आहेत असे मला कळले आहे. त्या आता एकेक घेऊ. सांगताना फक्त एवढे करा: तुम्ही काय टाइप केले ते आधी सांगा, आणि मग काय दिसले ते.