बोर्डाचा नकाशा कोणी काढायचा?



आज बचत नाही, व्याज नाही, थकलेले हप्तेही नाहीत. आज मी एका वाद्याबद्दल बोलणार आहे. विजेवर वाजणारं, घरी बनवलेलं वाद्य. हसू नका, विषय आपलाच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या सहा जणी सौर दिवे जोडायच्या कामाला जात होत्या. मीही त्यात होते. सोनार दागिन्याला डाख देतो तसं सर्किट बोर्डावर भाग जोडायचे, म्हणजे सोल्डरिंग, ते तिथंच शिकलो. दिवसाला किती दिवे झाले त्यावर पैसे. मग काम संपलं, केंद्र बंद झालं, आणि दिवे बिघडायला लागले. लोक आमच्याच दारात आणून ठेवायचे. "तुम्हीच केलेत ना?" आम्ही गप्प. कुठला भाग कुठं लावायचा ते पाठ होतं. तो तिथंच का, हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही विचारलंही नव्हतं. सासूबाई तर म्हणाल्या, "शिकलीस काय मग?" ते मला लागलं.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात डिप्लोमा करतो. दिवाळीला आला तो बुधवार पेठेतून आणलेली सुट्या भागांची पिशवी घेऊनच. म्हणाला, "मावशी, माझा हात कापतो. तू एवढं जोडून दे." मी म्हटलं, देते. पण बोर्डाचा नकाशा काढायला मला शिकवायचं.

तो बनवत होता ते वाद्य म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझर. पेटीत भात्याची हवा सुराला हलवते, इथं ते काम वीज करते. एका डब्यात सूर तयार होतो, दुसरा डबा त्याचा कर्कशपणा गाळतो, तिसरा लहान-मोठा करतो. डबे वेगवेगळे, आणि ते वायरींनी एकमेकांना जोडायचे. जोडणी बदलली की आवाज बदलतो. अमेरिकेत १९६०च्या दशकात रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला या दोघांनी आपापल्या गावी अशी यंत्रं बनवली. आपल्याकडेही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगचं यंत्र आलं होतं. गीता साराभाईंच्या प्रयत्नातून ते झालं, आणि डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकारानं तो स्टुडिओ उभा केला. आता जगभर लोक हे डबे घरी बनवतात. १९९६ साली जर्मनीच्या डीटर डोपफर यांनी डब्यांची मापं ठरवून दिली, उंची साडेबारा सेंटिमीटरच्या थोडी वर, वीज अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट. म्हणून एकाचा डबा दुसऱ्याच्या पेटीत बसतो.

बुक्लांच्या कारखान्यात सुझान चियानी नावाची एक तरुण संगीतकार सोल्डरिंग करायची. पहिल्याच दिवशी एक कच्चा जोड सापडला, आणि तो तिच्या नावावर टाकून तिला कामावरून काढलं. ती गेलीच नाही. ही गोष्ट तिनंच सांगितलेली आहे. पुढं तेच यंत्र वाजवून ती नावाजली. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मला आमचं दिव्यांचं केंद्र आठवलं. कच्चा जोड दिसला की सगळ्या माना खाली.

आता नकाशा. त्यासाठी संगणकावर किकॅड नावाचं फुकट मिळणारं साधन आहे, पण मी आधी चौकटीच्या वहीवर काढलं. भागांच्या पायांची भोकं एक दशांश इंचावर असतात, अडीच मिलिमीटर म्हणा. म्हणजे सरळ ठिपक्यांची रांगोळीच. ठिपके जोडत न्यायचे. पण रांगोळीत रेघ रेघेला ओलांडते, इथं तांब्याच्या रेघेनं दुसरीला शिवायचंही नाही. शिवली की वीज भलतीकडे. एका जागी मी दोन दिवस अडले होते. आमच्या गटातली एक मावशी, चौथी शिकलेली, वही उलटीसुलटी करत म्हणाली, "हा रेझिस्टर आहे ना, त्याच्या दोन पायांमधून काढ की रेघ." भाचा तोंडात बोट घालून बसला. रेझिस्टर बोर्डाच्या वरच्या बाजूला असतो आणि रेघ खालच्या, म्हणजे तोच पूल झाला.

पहिला बोर्ड माझ्यामुळे वाया गेला. नकाशा मासिकाच्या गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरनं छापायचा, तांब्याच्या पाटीवर ठेवून इस्त्री फिरवायची, शाई तांब्याला चिकटते. मग पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात टाकली की उघडं तांबं विरघळून जातं. (हे पाणी प्लॅस्टिकच्या टबातच घ्या. अॅल्युमिनियमची परात ते खातं. मोरीत ओतू नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका. माझ्या साडीवरचा डाग अजून आहे.) तर कागद पालथा पडतो, म्हणजे चित्र उलटतं. मी तांब्याच्या बाजूनं पाहून काढलेलं चित्र तसंच छापलं. आयसीचे पाय उलटे. दोन्ही बाह्या उजव्याच कापल्यासारखं झालं. आता मी बोर्ड करण्याआधी कागद पुठ्ठ्यावर चिकटवून भोकं पाडते आणि भाग खोचून बघते. पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा बोर्ड वाजला, पण सुरात टक टक यायची. डब्यावरचा बारका दिवा लुकलुकला की टक. जोड सगळे चकचकीत, तरी टक. यानं मात्र मला खरं शिकवलं. वीज जाते तशी माघारीही येते, आणि माघारीची वाट मी एकच बारीक रेघ ठेवली होती. दोन घरांचं सांडपाणी एकाच अरुंद नळीतून सोडलं, तर एकीनं बादली ओतली की दुसरीच्या मोरीत गुडगुड होतं ना, तसंच. दिव्याची माघारी वाट वेगळी काढली, सुराची रुंद केली, आणि दोन्ही वीज आत येते तिथंच जोडल्या. टक टक गेली. शिवाय प्रत्येक आयसीच्या वीज घेणाऱ्या पायाला अगदी लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला. टाकी गच्चीवर असली तरी ओट्यावर तांब्या भरलेला लागतोच.

तिसरं कोडं गरमीचं. सूर ठरवणारा ट्रान्झिस्टर एक अंश तापला तरी सूर अर्ध्या पट्टीहून जास्त सरकतो. म्हणून तसेच दोन घेऊन पाठीला पाठ चिकटवायचे. दोघे सारखेच तापतात, आणि एकाची चूक दुसरा वजा करतो. माझी जाऊ म्हणाली, आपल्यासारखंच. ते दोघे नकाशात जिथं वीज तापते तिथून दूर ठेवावे लागतात. सूर पूर्ण स्थिर अजून झालेला नाही, दुपारी थोडा चढतो.

वाद्य पुण्याला गेलं. माझ्याकडे वही राहिली. गेल्या महिन्यात मी गावातले पाच बंद दिवे मागून आणले. बोर्ड उलटा करून रेघा वहीत उतरवल्या, दिसायला लागलं कुठून वीज येते, कुठं अडते. दोन दिव्यांत चार्जिंगच्या वाटेवरचा डायोड गेला होता, तो बदलला, पेटले. तिघांची बॅटरीच मेली होती, तिथं माझा इलाज नव्हता. सासूबाईंनी एक दिवा परत देऊच दिला नाही, शेवटी मालकिणीला येऊन न्यावा लागला.

येत्या बुधवारी दुपारी आमच्या गटाची बैठक आहे. घरात बंद दिवा असेल तर घेऊन या, आणि रांगोळीची वहीसुद्धा.