डबीवरचा कागद

सकाळी मानसरोवर स्थानकावरून एमजीएम रुग्णालयाच्या दिशेने, कामोठ्यातून जाताना माझा एखादा पेशंट हमखास दिसतो. तो नजर वळवतो. मीही ओळख दाखवत नाही. एचआयव्हीची गोळी घेणाऱ्याची ओळख त्याने दिली तरच घ्यायची.

परवा त्यांच्यातले एक गृहस्थ आले. जिना चढताना छाती भरून येते म्हणाले. पिशवीतून डबी काढली. तिच्यावरचा कागद नखाने खरवडलेला, डिंकाचे डाग तेवढे राहिलेले. हृदयाच्या डॉक्टरांना ही दाखवलीत का, विचारलं. "त्यांना कशाला?" म्हणाले.

त्या 'कशाला'साठीच मी आज बोलतोय.

2004 पासून एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली आणि तिशीत जाणारी माणसं साठी बघू लागली. विषाणू दबतो, पण अंगातला बारीक दाह पुरता विझत नाही. रक्तवाहिन्यांचं अस्तर आतून धुमसत राहतं. हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होतो; त्यात तंबाखू आणि बीपीची भर.

बॉस्टनच्या डॉ. स्टीव्हन ग्रिनस्पून यांच्या नेतृत्वाखाली 12 देशांतल्या, एचआयव्ही असलेल्या 7,769 जणांवर 'रिप्रीव्ह' हा अभ्यास झाला. त्यात आपल्या पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयही होतं. निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी; निम्म्यांना औषध नसलेली गोळी. 2023 मध्ये निकाल आला: झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना 35 टक्क्यांनी कमी!

पण स्टॅटिन म्हणून कुठलीही गोळी चालत नाही. तुमच्या एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाविर असेल आणि वर सिम्व्हास्टॅटिन दिली, तर ती रक्तात साचते, स्नायू झिजतात, मूत्रपिंडावर येतं. डॉक्टरला डबी माहीतच नसेल, तर तो हे टाळणार कसा?

मला इथे डॉ. सुनीती सॉलोमन आठवतात. माहेरच्या गायतोंडे, चेन्नईच्या मराठी घरातल्या. 1986 मध्ये त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने देशातली पहिली एचआयव्ही लागण उजेडात आणली. यजमान हृदयशल्यविशारद. विषाणूचं आणि हृदयाचं वैद्यक त्या एका घरात तरी शेजारी नांदत होतं. 2015 मध्ये त्या गेल्या. 'रिप्रीव्ह'ची भरती त्याच वर्षी सुरू झाली.

त्या गृहस्थांना मी सगळ्या गोळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली. उद्या सकाळी ते हृदयाच्या ओपीडीत जाणार आहेत.