बंबाचा धूर आणि गीझरचा अंक
मोसमकाठच्या नामपुरात माघाच्या थंडीत स्नानाचे पाणी पूर्वी तांब्याच्या बंबात तापे. बंबाचे काही बिनसले की धूर डोळ्यांत जाऊन ते कळे. आजचा गॅसचा गीझर आपली व्यथा अंकाने सांगतो. अंकांचे अर्थ कारखान्यागणिक भिन्न. म्हणून पुस्तिका जपावी. ज्योत न पेटल्यास सिलिंडर, सेल व पाण्याचा दाब पाहावा. टाकी पुरेशा उंचीवर नसल्यास गॅसची झडप उघडतच नाही. परंतु सर्वांत घातक दोष बहुधा अंकाने कळत नाही. कोंदट न्हाणीघरात साचणारा कार्बन मोनॉक्साईड रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जडतो. निळी ज्योत पिवळी दिसताच गीझर बंद करून जाणत्या कारागिरास दाखवावा. मुळात तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.