कॉलेजांत नांव घातलें, पुढें काय?

(एका खेड्यांतील वाचनालयांत शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही तुम्हांला दूर देशांतल्या कॉलेजांची हकीकत सांगण्यासाठीं उभे आहोंत. पण सुरुवात आपल्याच घरापासून करूं. आमचा एक पुतण्या बारावी पास झाला. कांदा विकून आलेल्या पैशांतून त्याच्या बापानें कॉलेजची फी भरली, पेढे वाटले. दोन वर्षांनीं पाहावें तों पोरगा तालुक्याच्या बाजारांत मोबाईलच्या दुकानावर बसलेला. विचारलें, "कां रे, कॉलेज ?" म्हणाला, "काका, रोज एस्. टी. ला पैसे नसत, म्हणून तास बुडाले. तास बुडाले म्हणून गणिताचा पेपर राहिला. पुन्हां फॉर्म भरायची तारीख कधीं गेली तें कळलेंच नाहीं." पोरगा आळशी नव्हता, मंद नव्हता. पण 'बाबा, तूं येईनासा कां झालास ?' असें त्याला त्या कॉलेजांत कोणी विचारलें नाहीं. आणि खरें बोलायचें तर आम्हीहि विचारलें नाहीं.

अशीं पोरें तुमच्याहि घरोघरीं आहेत. म्हणून हें पुढचें ऐका.

अमेरिकेंत 'कम्युनिटी कॉलेज' म्हणून एक प्रकार आहे. घराजवळचें, कमी फीचें, दोन वर्षांचें कॉलेज. शाळा संपविलेल्या कोणालाहि तेथें दार उघडें. कोणी तेथें रोगी-शुश्रूषेचें काम शिकतो, कोणी यंत्र दुरुस्तीचें, कोणी दोन वर्षें काढून पुढें मोठ्या विद्यापीठांत जातो. इलिनॉय संस्थानांत जोलिएट येथें १९०१ सालीं अवघ्या ६ विद्यार्थ्यांवर असें कॉलेज सुरू झालें. आज चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत तें सर्वांत जुनें. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या मंडळानें अशीं कॉलेजें देशभर व्हावींत अशी शिफारस केली. तेथें येणारी मुलें कोणाचीं ? बहुतेक कष्टकऱ्यांचीं. दिवसां दुकानांत उभें राहून संध्याकाळीं तासाला येणारीं. लेकुरवाळ्या बायाहि त्यांत पुष्कळ.

दार उघडलें, परंतु आंत गेलेलीं मुलें दुसऱ्या टोकाला पोंचेनात. दोन वर्षांचा अभ्यास तीन वर्षांतहि पुरा न करणारीं मुलें निम्म्याहून कितीतरी अधिक. मग जो तो बोट दाखवूं लागला. मास्तर म्हणत, मुलें कच्चीं. मुलें म्हणत, वेळ नाहीं, पैसा नाहीं. सरकार म्हणे, फी तर माफच आहे !

अशा वेळीं न्यूयॉर्क शहरानें एक गोष्ट केली. गरिबी हटविण्याचे नवे उपाय करून पाहण्यासाठीं शहरानें रक्कम राखून ठेविली होती. तिच्यांतून २००७ सालीं तेथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना निघाली. तिचें नांव 'एसॅप'. योजना ऐकाल तर म्हणाल, यांत नवें तें काय ? सरकारी मदत वजा जातां जी फी उरेल ती माफ. पुस्तकें फुकट. आगगाडीचा व बसचा महिन्याचा पास फुकट. कामावर जाणाऱ्या मुलांना सोईचें पडेल असें तासांचें वेळापत्रक. आणि प्रत्येक मुलाला एक ठरलेला सल्लागार. त्या कॉलेजांत इतर मुलांच्या वांट्याला एक सल्लागार ६०० पासून १५०० मुलांमागें येई. या योजनेंत तो ६० ते ८० मुलांमागें एक ठेविला. त्याला पोराचें नांव ठाऊक, घर ठाऊक, कोणता विषय जड जातो तें ठाऊक.

कोणी म्हणेल, हें तर फुकट खाऊ घालणें झालें. तसें नव्हे. मुलानें पुऱ्या वेळेचा अभ्यास घेतला पाहिजे, कच्चे विषय आधीं उरकले पाहिजेत, शिकवणीला बसलें पाहिजे, सल्लागाराला ठरल्याप्रमाणें भेटलें पाहिजे. तरच पुढच्या महिन्याचा पास हातीं पडे. हा दानधर्म नव्हता, करार होता. दोन्ही बाजूंनीं पाळायचा करार.

आतां याचा उपयोग झाला कीं नाहीं, हें त्यांनीं कसें ठरविलें तें पाहा, कारण त्यांत आपल्याला शिकण्यासारखें आहे. नवें खत चांगलें कीं वाईट हें शेतकरी कसें पाहतो ? एकाच वावरांतले दोन वाफे घेतो, एकाला खत घालतो, दुसऱ्याला घालीत नाहीं. तसेंच तेथें केलें. २०१० सालीं तीन कॉलेजांतलीं ८९६ गरीब मुलें घेतलीं, सगळींच कोणत्या ना कोणत्या विषयांत कच्चीं. चिठ्ठ्या टाकाव्या तशीं निवड करून कांहींना योजनेंत घेतलें, बाकीचीं नेहमींच्या रीतीनें शिकूं दिलीं. तीन वर्षांनीं मोजदाद केली. नेहमींच्या रीतीनें शिकलेल्यांत शेंकडा २२ मुलें पदवीला पोंचलीं. योजनेंतलीं शेंकडा ४०. जवळजवळ दुप्पट !

खर्चाचें काय ? तीन वर्षांत दर मुलामागें सुमारें १६,३०० डॉलर जास्त लागले. म्हणजे नेहमींच्या खर्चाहून शेंकडा ६० वर अधिक. हा आंकडा ऐकून कोणाहि कारभाऱ्याचे डोळे पांढरे होतील. पण हिशेब तेथें थांबवूं नका. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दर मुलामागें किती खर्च आला हें काढलें, तेव्हां योजनेचाच खर्च शेंकडा ११ नीं कमी निघाला. कारण उघड आहे. नांगरट केली, बी घातलें, खुरपणी केली, आणि दाणा भरायच्या वेळीं शेवटचें पाणी दिलें नाहीं, तर तुमची बचत झाली कीं सगळें वर्ष पाण्यांत गेलें ? मधेंच सुटलेल्या मुलावर केलेला खर्च असाच वायां जातो. तो कोणी मोजीत नाहीं, म्हणून दिसत नाहीं.

कोणी शंका काढील कीं, न्यूयॉर्क श्रीमंत शहर, तेथें चालेल. ओहायो संस्थानांतल्या तीन कॉलेजांत २०१४ सालापासून तीच रीत चालवून पाहिली. तेथें आगगाडीचा पास कामाचा नाहीं, म्हणून करार पाळणाऱ्या मुलाला पेट्रोल वा वाणसामान घेण्यासाठीं महिन्याला ५० डॉलर दिले. तीन वर्षांनीं तेथेंहि शेंकडा १९ च्या जागीं ३५ मुलें पदवीला पोंचलीं.

पण आम्ही वकिली करायला आलों नाहीं, म्हणून उणी बाजूहि सांगतों. योजनेंतहि शंभरांतलीं साठ मुलें तीन वर्षांत मागें राहिलींच. न्यूयॉर्कला सहा वर्षांनीं पुन्हां मोजलें तेव्हां अंतर कमी झालें होतें. योजनेंतलीं शेंकडा ५१, बाकीचीं ४१. म्हणजे हा कांहीं मंत्र नव्हे. दुसरी गोष्ट महत्त्वाची. नवा प्रयोग म्हटला कीं दोन-तीन वर्षांची देणगी मिळते, फोटो निघतात, आणि देणगी सरली कीं दिवा विझतो. न्यूयॉर्कनें उपयोग दिसल्यावर पैसा आपल्या दरसालच्या अंदाजपत्रकांत घातला. म्हणून पहिल्या साली सुमारें ११०० मुलांवर सुरू झालेलें काम पुढें २५,००० मुलांपर्यंत गेलें.

बांधवहो, ही अक्कल आपल्याला अमेरिकेकडून उसनी आणावी लागते काय ? ज्या १९०१ सालीं जोलिएटचें कॉलेज निघालें, त्याच सालीं कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें, आणि पुढें एकेका समाजाच्या मुलांसाठीं बोर्डिंगें उभीं केलीं. शाळेचें दार उघडून भागत नाहीं, खेड्यांतल्या पोराला रात्रीं पाठ टेकायला जागा व दोन वेळ भाकरी पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. तेथें साऱ्या जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवलीं, आणि त्यांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचें सोनें, मंगळसूत्रसुद्धां दिलें. १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत मुलांनीं कमवावें व शिकावें अशी सोय झाली. वाट आपल्याच माणसांनीं घालून दिलेली आहे. आपण तिच्यावर गवत वाढूं दिलें.

मग आतां काय करायचें ? तीन गोष्टी सांगतों. पहिली, ज्या कॉलेजांत आपलीं मुलें आहेत तेथें चारचौघांनीं मिळून जा आणि विचारा: तीन वर्षांपूर्वीं किती मुलांचीं नांवें घातलीं, त्यांतलीं किती पास होऊन बाहेर पडलीं, आणि बाकीचीं कोठें आहेत ? भांडायला जाऊं नका, आंकडा मागायला जा. दुसरी, सुगीनंतर घरटीं थोडी थोडी वर्गणी काढून गांवची एक पेटी ठेवा. फी भरण्यासाठीं नव्हे. बसच्या पाससाठीं, परीक्षेच्या फॉर्मसाठीं, एका पुस्तकासाठीं. पेटीचा हिशेब दर महिन्याला याच वाचनालयाच्या भिंतीवर लागला पाहिजे. तिसरी गोष्ट, जिला पैसाहि लागत नाहीं. गांवांत जे शिकले आहेत, त्यांतल्या एकेकानें दहा पोरांचीं व पोरींचीं नांवें वाटून घ्यावींत आणि दर पंधरवड्याला घरीं जाऊन विचारावें, 'तास बुडाले कां ? फॉर्म भरला कां ? कोणता पेपर अडतो ?'

पहिल्या दहांत आमच्या पुतण्याचें नांव लिहा. त्याचा एक पेपर राहिलेला आहे. या वेळीं फॉर्मची तारीख आम्हांला पाठ असेल.