पात्यासाठी रेखाटन : इंकस्केप आणि घरगुती कटिंग मशीन

घरगुती कटिंग मशीन लहानशा प्रिंटरसारखे दिसते. फक्त शाईच्या जागी त्यात एक बारीक पाते असते. चिकट मॅटवर कागद, कार्डशीट किंवा व्हायनिल बसवून ती मॅट मशीनच्या तोंडाशी लावली की रूळ तिला पुढे-मागे सरकवतात आणि पाते आडवे फिरते. या दोन हालचालींच्या मेळातून हवा तो आकार कापला जातो. गाड्यांवर रेडियमची अक्षरे लावून देणाऱ्या दुकानांत जो प्लॉटर असतो, त्याचाच हा टेबलावर मावणारा अवतार. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या क्रिकट आणि सिल्हुएट या कंपन्यांची, तसेच जपानच्या ब्रदर कंपनीची मशीन विशेष प्रचलित आहेत. नेहमीच्या मॅटची रुंदी १२ इंच असते.

क्रिकटच्या सुरुवातीच्या मशीनला कॉम्प्युटरची गरज नसे. आकारांची कार्ट्रिज विकत घ्यायची आणि त्यात असेल तेवढेच कापायचे. स्वतःचे रेखाटन कापता येऊ लागले तेव्हा ते काढायचे कशात, हा प्रश्न आला. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटर यांची किंमत हौशी माणसाला परवडणारी नाही. ही उणीव इंकस्केप बऱ्यापैकी भरून काढते. सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून २००३ मध्ये फुटून निघालेले हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली मोफत मिळते, त्याची १.० ही आवृत्ती मे २०२० मध्ये आली. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर ते चालते.

इंकस्केपची स्वतःची फाइल एसव्हीजी प्रकारची असते. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर आत अक्षरे आणि आकडे दिसतात : एम म्हणजे टोक उचलून अमुक बिंदूवर न्या, एल म्हणजे तिथून सरळ रेघ ओढा, सी म्हणजे वळण घ्या, झेड म्हणजे आकार बंद करा. कटिंग मशीनला समजते ते एवढेच. सी या आज्ञेतले वळण पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. रेनॉ कंपनीत मोटारींच्या आकारासाठी यंत्रे चालवताना त्याने ही पद्धत रुजवली. म्हणजे या वळणांचा यंत्राच्या हत्याराशी संबंध मुळापासूनचा आहे.

नवख्याच्या बहुतेक अडचणी इथेच उगम पावतात. पडद्यावर डोळ्याला रंग, जाडी, सावली, एकमेकांवर ठेवलेले आकार असे पुष्कळ काही दिसते. पात्याला दिसतो तो फक्त पाथ, म्हणजे वरच्या आज्ञांनी आखलेली वाट. रेघ पाच मिलिमीटर जाड ठेवली तरी पाते तिच्या मधोमध एकदाच फिरते. तेवढ्या जाडीची पट्टी हवी असेल तर ‘स्ट्रोक टू पाथ’ ही आज्ञा द्यावी लागते. दोन वर्तुळे एकमेकांवर चढलेली असतील तर पाते दोन्ही पूर्ण कापते आणि चढलेल्या भागाचा वेगळा तुकडा पडतो. ‘युनियन’ने दोन्ही आकारांचा एकच पाथ होतो, ‘डिफरन्स’ने वरच्या आकाराएवढा भाग खालच्यातून वजा होतो. कंट्रोल आणि ५ दाबून बाह्यरेषांचे दृश्य सुरू केले की रंगांचा पडदा सरतो आणि पाते कुठे फिरणार ते उघडे पडते. कापण्यापूर्वी हे दृश्य पाहण्याची सवय बरेच व्हायनिल वाचवते.

देवनागरी अक्षरे हे स्वतंत्र प्रकरण आहे. इंकस्केपमध्ये युनिकोड फाँटची जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट उमटतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे फाँट मोफत आहेत. त्यातला जाडजूड ‘बलू’ व्हायनिलला फार सोयीचा. ‘गणपती बाप्पा मोरया’ असे लिहून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केले की प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी यांचे सुटे आकार होतात. पडद्यावर शिरोरेखा अखंड दिसते, पण बाह्यरेषांच्या दृश्यात अक्षरे शिरोरेखेपाशी एकमेकांत थोडी शिरलेली आढळतात. तसेच कापले तर प्रत्येक जोडावर चीर पडते आणि ‘मोरया’ सोलताना ‘मो’ एकीकडे, ‘रया’ दुसरीकडे जातो. सगळे निवडून ‘युनियन’ केले की एक शब्द हा एक सलग तुकडा होतो. रोमन लिपीत छापील अक्षरे सुटीच राहतात, एकेक सांभाळून लावावी लागतात; देवनागरीत शिरोरेखा पूर्ण शब्द धरून ठेवते. अनुस्वार तेवढे सुटे राहतात, आणि नको असलेले व्हायनिल ओढताना तेच हमखास निघून येतात. एखाद्या फाँटमध्ये अक्षरे नुसती कडेला कड टेकवलेली असतात आणि युनियननंतरही केसाएवढी फट उरते. अशा वेळी शिरोरेखेवर तिच्याच जाडीचा लांब आयत ठेवून पुन्हा युनियन करावे.

रांगोळीच्या किंवा रंगकामाच्या साच्यात मात्र हीच शिरोरेखा उलटते. तिच्यामुळे प, म यांसारख्या अक्षरांच्या पोटात बंद जागा तयार होतात आणि साचा कापताच त्या गळून पडतात. त्या टिकवायला दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या अक्षरावर आडव्या-उभ्या ठेवून ‘डिफरन्स’ने अक्षर तेवढ्यापुरते तोडावे लागते. तयार साचा-फाँट रोमनमध्ये ढिगाने आहेत. देवनागरीत हे काम बहुधा हातानेच करावे लागते. ढोल-ताशा पथकाच्या टी-शर्टवर इस्त्रीने चिकटवायचे व्हायनिल असेल तर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी करून कापतात; निवडलेला आकार एच दाबताच उलटतो.

तयार चित्रावरून पाथ बनवण्याचे काम ‘ट्रेस बिटमॅप’ करते. त्यामागे पीटर सेलिंजर यांचा पोट्रेस हा प्रोग्रॅम आहे. स्वच्छ, काळ्या-पांढऱ्या चित्राचे ट्रेसिंग उत्तम होते. मोबाइलवर काढलेल्या धूसर फोटोचे काही खरे नाही. धूसर कडेवर शेकडो अनावश्यक बिंदू पडतात. पात्याचे टोक त्याच्या आसापासून किंचित मागे असते आणि हालचालीच्या दिशेने वळत जाते. दर अर्ध्या मिलिमीटरला दिशा बदलली तर ते अडखळते आणि कागद फाटतो. ‘सिम्प्लिफाय’ने बिंदू कमी होतात, पण ती आज्ञा सलग अनेकदा दिली की टोकदार कोपरे गुळगुळीत होऊन बसतात. दुसरी गोष्ट रेघेची. वारली चित्रातल्या माणसाचा हात म्हणजे एकच रेघ, पण साध्या ट्रेसिंगमध्ये तिच्या दोन्ही कडा मिळतात. व्हायनिलला तेच हवे असते. मशीनमध्ये पाते काढून पेन लावले असेल तर नको असते. त्यासाठी मध्यरेषेचे ट्रेसिंग हा पर्याय निवडावा.

मापाचा घोळ जुना आहे. इंकस्केप पूर्वी एका इंचात ९० पिक्सेल धरत असे. २०१७ च्या ०.९२ या आवृत्तीपासून ९६ धरते. त्यामुळे ९० च्या हिशोबाची १०० मिलिमीटरची आकृती ९६ च्या हिशोबाने वाचली गेली तर ९३.७५ मिलिमीटर भरते. ७२ पिक्सेल धरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ९६ वाली आकृती १३३ मिलिमीटरवर जाते. पेटीच्या झाकणाला असा फरक चालत नाही. दस्तऐवजाचे एकक मिलिमीटर ठेवावे, आकृतीशेजारी १०० मिलिमीटरचा चौकोन काढावा आणि मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये पोहोचल्यावर तो तेवढाच आहे का, हे पाहावे.

इंकस्केपमधून मशीनकडे जाण्याचे रस्ते कंपनीगणिक वेगळे. क्रिकटला स्वतःचे ‘डिझाइन स्पेस’ लागते, त्यात खाते उघडावे लागते आणि एसव्हीजी अपलोड करावी लागते. मार्च २०२१ मध्ये या कंपनीने वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला २० अपलोडची मर्यादा घालण्याचे जाहीर केले होते. ग्राहकांचा एवढा संताप झाला की निर्णय मागे घ्यावा लागला. मशीन विकत घेतले तरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा जाणवले. सिल्हुएटच्या मोफत मूळ आवृत्तीत बाहेरची एसव्हीजी उघडत नाही; तिथे इंकस्केपमधून डीएक्सएफ फाइल काढून देतात. त्याहून जवळची वाट म्हणजे ‘इंकस्केप-सिल्हुएट’ हे मोफत एक्स्टेन्शन. ते कंपनीचे सॉफ्टवेअर वगळून यूएसबीवरून थेट मशीन चालवते.

पात्याची खोली, दाब आणि वेग मात्र रेखाटनात नसतात. ते कापतेवेळी ठरवायचे. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलवर बंदी आल्यावर गणपतीच्या मखरासाठी कार्डशीट वापरणारे वाढले. जाड कार्डशीट एका फेरीत कापण्याचा हट्ट धरण्यापेक्षा कमी दाबाने दोन फेऱ्या दिल्या तर कड स्वच्छ येते. व्हायनिलसाठी आधी कोपऱ्यात लहानसा त्रिकोण कापून पाहतात. वरचा थर अलगद सुटला आणि खालच्या कागदावर केवळ पुसटशी रेघ उमटली, की दाब बरोबर आहे.