अनुदान जमिनीला की कसणाऱ्याला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सरकारने शेतकऱ्याला पैसा द्यावा की नाही, या वादात आपली भूमिका ठरलेली आहे: द्यावा. परंतु ‘शेतकरी’ म्हणजे नेमका कोण, हे आपण पुरेशा आग्रहाने विचारीत नाही. तो प्रश्न टाळल्याने काय घडते, याचा धडा अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या पॉइन्सेट या ग्रामीण काउंटीने १९३०च्या दशकात घालून दिला.

महामंदीत कापसाचे भाव कोसळले होते. उत्पादन घटवून भाव चढवावेत, या हेतूने रूझवेल्ट सरकारने १९३३ साली शेतीविषयक कायदा केला. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस मोबदला देऊन नांगरून टाकण्यात आला. पुढील १९३४-३५च्या करारात, पड ठेवलेल्या जमिनीचे पौंडामागे साडेतीन सेंट भाडे ठरले. ते सर्वस्वी मालकाचे! एक सेंटाची आणखी एक रक्कम होती. तिच्यातला निम्मा हिस्सा वाटेकऱ्याचा, आणि तोही मालकाच्या हातून. लागवड घटली तशी वाटेकऱ्यांची गरजही घटली. मालकांनी सरकारी पैसा घेतला आणि कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर काढली. तक्रार करावी, तर योजना राबवणाऱ्या स्थानिक समित्यांवर वर्चस्व याच मळेवाल्यांचे.

या अन्यायातूनच जुलै १९३४ मध्ये पॉइन्सेट काउंटीतील टायरोन्झा गावाजवळ ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ जन्मास आली. अकरा गोरे आणि सात काळे वाटेकरी एका शाळेत जमले. संघटना एक असावी की वर्णाप्रमाणे दोन, यावर चर्चा झाली. १९१९ साली याच राज्यात एलेन येथे काळ्या वाटेकऱ्यांची संघटना रक्तात बुडवली गेली होती. ते पाहिलेल्या एका वृद्ध काळ्या वाटेकऱ्याने एकीचा आग्रह धरला आणि संघटना एकच झाली. तिचे दोन प्रमुख संघटक, एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट, हे समाजवादी पक्षाचे होते. मालकांनी दहशत माजवली, तरी १९३५ साली वेचणीच्या हंगामात संप झाला.

वॉशिंग्टनमध्येही काहींनी वाटेकऱ्याची बाजू घेतली. करार केलेल्या मालकाने तीच माणसे जमिनीवर ठेवली पाहिजेत, असा अर्थ शेती खात्यातील काही वकिलांनी लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच नोकरीवरून दूर करण्यात आले! पुढे वाटेकऱ्याचा वाटा वाढला, तेव्हा अनेक मालकांनी त्याला वाटेकरी न ठेवता रोजंदार मजूर केले आणि ट्रॅक्टर आणले. कागदावरचा हक्क संघटनेच्या बळावाचून टिकत नाही, तो असा.

आता आपल्याकडे पाहा. २०१९ साली जाहीर झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. २०२३ साली राज्य सरकारने ‘नमो शेतकरी’ योजनेतून तेवढीच भर घातली. या मदतीला आपला विरोध नाही. पण ती मिळते कोणाला? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. विदर्भात मक्त्याने कापूस पिकवणारा, मराठवाड्यात बटाईने राबणारा, निंदणी-वेचणी करणारी शेतमजूर स्त्री, यांच्या नावे सातबारा नाही. म्हणून सरकारच्या लेखी ते शेतकरीच नाहीत! कूळ म्हणून नोंद होईल या भीतीने मालक करार कागदावर येऊ देत नाही. आणि कागद नाही म्हणून सरकार दाद देत नाही.

तेव्हा आपली मागणी केवळ रक्कम वाढवण्याची असू नये. प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद गावोगाव, ग्रामसभेसमोर व्हावी आणि अनुदानावर त्याचा हक्क मान्य व्हावा. त्याचबरोबर, मालक त्याला जमिनीवरून हुसकून लावणार नाही, याची कायदेशीर हमी हवी. ती हमी नसेल, तर नोंद हेच बेदखलीचे निमित्त ठरेल.

लहान जमीनधारक आणि भूमिहीन यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे सोपे आहे. टायरोन्झाच्या अठरा माणसांनी तो डाव ओळखला होता. आपणही गावात जाताना सातबारा असलेल्या आणि नसलेल्या, दोघांनाही एकाच बैठकीला बोलावले पाहिजे.