पूर ओसरल्यानंतरचे आरोग्य

(रुग्णालयाच्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाचे पाणी सर्वांच्या स्मरणात आहे. त्यानंतरच्या आठवड्यांचा मात्र अनेकांना विसर पडला. पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली आणि त्यात कित्येकांचे प्राण गेले. म्हणूनच पूर ओसरला म्हणजे संकट टळले, असे आम्हांस वाटत नाही.

प्रत्यक्ष पुरात वाहत्या पाण्यात उतरू नये. गुडघाभर प्रवाहातही तोल जातो आणि पाण्याखालचे उघडे मॅनहोल दिसत नाही. घरात पाणी शिरण्यापूर्वीच विजेचा मुख्य स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून त्यास हात लावू नये. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे आणि पुरात भिजलेले अन्न टाकून द्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून रुग्णास वारंवार पाजावे आणि विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा. तान्ह्या मुलाचे स्तनपान थांबवू नये.

आता लेप्टोस्पायरोसिसविषयी. उंदीर, कुत्री व गुरे यांच्या मूत्रावाटे या रोगाचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून किंवा भेगेतून शरीरात शिरतात. पुराच्या पाण्यातून चालावे लागल्यास पाय साबणाने स्वच्छ धुवावेत आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. त्यांच्या सल्ल्याने घेतलेले डॉक्सिसायक्लिन संरक्षण देऊ शकते. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुले यांच्यासाठी पर्यायी औषध असते.

ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोपर्यंत पाणी ओसरलेले असते आणि त्यातून चालल्याचे रुग्ण विसरून गेलेला असतो. रोजंदारी बुडू नये म्हणून तो दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो आणि कामावर जातो. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, तरी तो दिवस काढतो. लघवी कमी होऊन डोळे पिवळे पडल्यावर तो आमच्याकडे येतो, तेव्हा कदाचित डायालिसिसवाचून गत्यंतर नसते. हाच रोग आरंभी ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बहुधा आटोक्यात येतो.

यास्तव आमची एकच विनंती आहे. पुरानंतर महिनाभरात ताप आल्यास डॉक्टरांना प्रथम सांगावे, ‘मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो.’ रुग्णास हे सांगण्याचे भान राहिले नाही, तर आम्ही डॉक्टरांनी ते आवर्जून विचारावे. या एका वाक्याला खर्च काहीच नाही. त्याने एखाद्या घरातील कर्ता माणूस वाचू शकतो.